‘द ओपन’ नक्की कुणासाठी ओपन?

गोल्फच्या जगात एक स्पर्धा अशी आहे की तिच्या नावात देश नाही, शहर नाही, पैसे देणाऱ्या कंपनीचं नाव नाही. नुसतं ‘द ओपन’. अमेरिकेत तिला ब्रिटिश ओपन म्हणतात, आपल्या वर्तमानपत्रांतही बहुतेक वेळा तसंच छापून येतं, आणि ते ऐकून स्कॉटलंडमधला जुना गोल्फवाला नाक मुरडतो. पहिल्या मुलाला जन्मताच कुणी ‘थोरला’ म्हणत नाही, धाकटा आल्यावर म्हणतात. ही स्पर्धा १८६० मध्ये सुरू झाली तेव्हा दुसरी ‘ओपन’ जगात नव्हतीच, मग नावात देश घालायचा कशाला?

मला मात्र त्या नावातल्या दुसऱ्या शब्दाचं कुतूहल आहे. ओपन म्हणजे खुली. कुणासाठी? दीडशेहून जास्त वर्षांत या प्रश्नाचं उत्तर बरेचदा बदललंय. स्पर्धेचा इतिहास आणि तिच्या सगळ्या रीतीभाती समजून घ्यायला हा प्रश्न फार सोयीचा आहे. पण आधी खेळ.

क्रिकेटवर वाढलेल्या माणसाला गोल्फ कंटाळवाणा वाटतो, आणि त्याचं कारण बहुतेक वेळा एवढंच असतं की धावफलक वाचता येत नाही. खेळ तसा सोपा आहे. एक चेंडू, लांबवर एक भोक, आणि कमीत कमी फटक्यांत चेंडू भोकात घालायचा. सुरुवातीच्या जागेपासून भोकापर्यंतच्या अख्ख्या टप्प्यालाही ‘होल’च म्हणतात, आणि असे १८ होल खेळले की एक फेरी झाली. ओपनमध्ये गुरुवार ते रविवार रोज एक, अशा चार फेऱ्या. ७२ होलांचे मिळून ज्याचे फटके सगळ्यात कमी, तो जिंकला. प्रत्येक होलला ‘पार’ ठरलेली असते, म्हणजे चांगल्या खेळाडूला तिथे किती फटके लागावेत याचा अंदाज. त्यापेक्षा एक फटका कमी लागला तर बर्डी, एक जास्त लागला तर बोगी. फलकावर उणे १२ लिहिलेला माणूस म्हणूनच आनंदात असतो आणि अधिक ६ वाला तोंड पाडून चालतो. एकूण १५६ जण सुरुवात करतात. दोन दिवसांनी पहिले ७० आणि सत्तराव्याशी बरोबरीत असलेले तेवढे राहतात, बाकीच्यांनी सामान आवरायचं. याला ‘कट’ म्हणतात. पुरुषांच्या व्यावसायिक गोल्फमध्ये अशा चार मोठ्या स्पर्धा आहेत, त्यांना ‘मेजर’ म्हणतात. त्यांपैकी तीन अमेरिकेत होतात. चौथी, आणि वयानं सगळ्यात मोठी, ती ही.

एक माणूस गेला म्हणून

ओपन सुरू झाली ती एका मृत्यूमुळे. स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावरच्या सेंट अँड्र्यूज गावात ॲलन रॉबर्टसन नावाचा गोल्फर होता. त्याच्या हयातीत ‘सर्वांत चांगला कोण’ हा प्रश्नच कुणाला पडत नसे. तो १८५९ मध्ये गेला आणि गादी रिकामी झाली.

रॉबर्टसनचा धंदा चेंडू बनवण्याचा. तेव्हाचा चेंडू म्हणजे चामड्याची छोटी पिशवी, तिच्यात उकडलेली पिसं ठासून भरायची आणि तोंड शिवायचं. पिसं किती? उंच टोपी भरेल एवढी. कसलेल्या कारागिराचे दिवसाला जेमतेम तीन-चार चेंडू व्हायचे, त्यामुळे चेंडू महाग आणि खेळ श्रीमंतांचा. १८४० च्या दशकाच्या शेवटी मलायातल्या झाडांच्या चिकापासून, म्हणजे गट्टापर्चापासून, चेंडू बनू लागले. याबद्दल सेंट अँड्र्यूजमध्ये एक आवडती दंतकथा आहे. भारतातून तिथे विष्णूची एक मूर्ती पाठवली होती, ती फुटू नये म्हणून खोक्यात गट्टापर्चा भरला होता, आणि त्याच चिकाचा पहिला चेंडू वळला गेला. खरं-खोटं विष्णूच जाणे. पण नवा चेंडू स्वस्त होता, पावसात फुगत नव्हता, ठोकून बिघडला तर गरम करून पुन्हा वळता येत होता. रॉबर्टसनच्या पोटावर पाय आला. त्याच्या हाताखाली शिकलेला टॉम मॉरिस नव्या चेंडूनं खेळताना सापडला आणि गुरू-शिष्यांचं फाटलं. मॉरिस १८५१ मध्ये पश्चिम किनाऱ्यावरच्या प्रेस्टविकला निघून गेला आणि तिथल्या नव्या क्लबाचं मैदान राखायच्या कामाला लागला.

याच प्रेस्टविकच्या क्लबानं रॉबर्टसनच्या मागे कोण हे ठरवायचा घाट घातला. १७ ऑक्टोबर १८६० ला आठ जण जमले. हे आठही जण आजच्या अर्थानं ‘स्टार’ नव्हते. ते कॅडी होते, म्हणजे साहेबांच्या काठ्या वाहणारे, किंवा काठ्या-चेंडू बनवणारे, किंवा मैदान राखणारे. साहेब लोक पैज लावून त्यांना खेळवायचे, आणि त्यांच्या दारूच्या सवयींबद्दल कुजबुजायचे. म्हणूनच इतर क्लबांना निरोप गेला तो ‘जरा बऱ्या चालीचे’ कॅडी पाठवा असा. गंमत बघा, खुली स्पर्धा पहिल्या वर्षी खुली नव्हती, पण बंद होती ती उलट्या बाजूनं. हौशी साहेबांना तिच्यात प्रवेश नव्हता. ती कामकऱ्यांची स्पर्धा होती.

प्रेस्टविकला तेव्हा १२ च होल होते. एकाच दिवसात तीन फेऱ्या, ३६ होल. मसलबरोचा विली पार्क १७४ फटक्यांत जिंकला. घरच्या मैदानावर टॉम मॉरिस दोन फटक्यांनी मागे राहिला. रोख बक्षीस काहीच नव्हतं. होता तो एक पट्टा. लाल चामड्याचा, चांदीच्या रुंद बकलाचा, किंमत २५ पौंड. कुस्तीगीर किंवा मुष्टियोद्धे कमरेला लावतात तसा. वर्षभर मिरवायचा आणि परत आणून द्यायचा. एकच अट, सलग तीनदा जिंकलात तर पट्टा कायमचा तुमचा.

पुढच्याच वर्षी क्लबानं जाहीर केलं की स्पर्धा आता साऱ्या जगाला खुली. हे साऱ्या जगाला वगैरे ऐकायला भव्य वाटतं. प्रत्यक्षात त्याचा अर्थ हौशी साहेबांनाही खेळता येईल इतकाच होता. त्यांच्यातला कुणी जिंकायला १८९० उजाडलं. जॉन बॉल त्याचं नाव, आणि इंग्लंडचा तो पहिलाच विजेता.

पोरगा पट्टा घेऊन गेला

टॉम मॉरिसनं १८६१, १८६२, १८६४ आणि १८६७ अशी चारदा स्पर्धा जिंकली. १८६२ मध्ये तो १३ फटक्यांनी जिंकला, आणि ओपनमधलं एवढं मोठं अंतर आजवर कुणाला जमलेलं नाही. १८६७ ला तो ४६ वर्षांचा होता, तोही विक्रम अजून शाबूत आहे. पण लोकांच्या तोंडी राहिला तो त्याचा मुलगा. त्याचंही नाव टॉम. म्हणून बाप ‘ओल्ड टॉम’ आणि पोरगा ‘यंग टॉम’.

यंग टॉम १८६८ मध्ये १७ व्या वर्षी जिंकला. एवढ्या लहान वयाचा विजेता त्यानंतर झाला नाही. १८६९ ला तो पुन्हा जिंकला, वर एका फटक्यात चेंडू थेट भोकात घालून दाखवला. १८७० ला तर कहर. प्रेस्टविकचा पहिला होल ५७८ यार्डांचा, म्हणजे अर्ध्या किलोमीटरहून लांब. लाकडी दांड्याची काठी आणि चिकाचा चेंडू घेऊन यानं तो तीन फटक्यांत संपवला. आजच्या धातूच्या काठ्या आणि प्रयोगशाळेत घडवलेले चेंडू घेऊनही त्या लांबीवर तीन म्हणजे टाळ्या पडतील. तिसऱ्यांदा सलग जिंकला आणि नियमाप्रमाणे पट्टा घरी घेऊन गेला.

आणि मग आयोजकांची पंचाईत झाली, कारण द्यायला बक्षीसच उरलं नाही. १८७१ मध्ये स्पर्धा झालीच नाही. ना युद्ध, ना साथ. पट्टा नाही म्हणून. एखाद्या गावात पालखी रंगवायला गेली म्हणून जत्राच रद्द करावी, तसलाच हा प्रकार.

शेवटी तीन क्लब एकत्र आले. प्रेस्टविक, सेंट अँड्र्यूजचा रॉयल अँड एन्शंट, आणि एडिंबरोच्या गोल्फरांची मानाची कंपनी. प्रत्येकी दहा-दहा पौंडांची वर्गणी काढली आणि एडिंबरोच्या एका चांदीकाम करणाऱ्या पेढीकडून ३० पौंडांत सुरई करून घेतली. त्या काळी श्रीमंतांच्या टेबलावर क्लॅरेट, म्हणजे बोर्दोची तांबडी वाइन, ज्या घाटाच्या भांड्यातून वाढत, त्याच घाटाची ही सुरई. म्हणून तिला ‘क्लॅरेट जग’ म्हणतात. स्पर्धा आळीपाळीनं तीन ठिकाणी भरवायची हेही तेव्हाच ठरलं. आज ओपन दरवर्षी वेगळ्या मैदानावर जाते, अमेरिकेतल्या मास्टर्स या मेजरसारखी एका जागी बसत नाही, त्याचं मूळ या वर्गणीत आहे. पैसे तिघांनी घातले, मग पाहुणचाराचा मानही तिघांनी वाटून घेतला.

१८७२ ची स्पर्धाही यंग टॉमनंच जिंकली. पण सुरई तयार नव्हती, म्हणून त्याला सोन्याचं पदक देऊन बोळवण केली. ते पदक विजेत्याला आजही मिळतं. सुरई प्रत्यक्षात पहिल्यांदा हातात पडली ती पुढच्या वर्षीच्या विजेत्याच्या, टॉम किडच्या. तरी तिच्यावर कोरलेलं पहिलं नाव यंग टॉमचंच आहे. आणि सलग तीनदा जिंकणाऱ्यानं घरी न्यायची अट अर्थातच काढून टाकली. पोळलेले होते ना.

यंग टॉमची गोष्ट इथे संपली असती तर बरं झालं असतं. सप्टेंबर १८७५ मध्ये बापलेक समुद्रापलीकडच्या नॉर्थ बेरिकला सामना खेळत होते, तेव्हा तार आली की यंग टॉमच्या बायकोची प्रसूती अडली आहे. ते पोहोचेपर्यंत आई आणि बाळ दोघंही गेली होती. त्याच वर्षीच्या नाताळच्या दिवशी तोही गेला. वय २४. ओल्ड टॉम त्यानंतर ३२ वर्षं जगला, सेंट अँड्र्यूजच्या मैदानाची राखण करत म्हातारा झाला. गावातल्या जुन्या कॅथीड्रलच्या आवारात पोराची समाधी आहे. गोल्फ खेळायला सेंट अँड्र्यूजला आलेला माणूस सहसा तिथे पाय वळवल्याशिवाय राहत नाही.

पुळणीवरचा खेळ

ओपनचा एक नियम कुठेही ठळक लिहिलेला दिसत नाही पण कधी मोडलेला नाही. ती ‘लिंक्स’वरच होते. लिंक्स म्हणजे काय ते आपल्या कोकणातल्या माणसाला पटकन कळेल. समुद्र आणि शेतजमीन यांच्या मधली रेताड पट्टी. वाळूचे उंचवटे, त्यावर खुरटं चिवट गवत, झाड औषधालाही नाही. नांगराला निरुपयोगी, म्हणून मोकळी पडलेली. तिथे मेंढ्या चरायच्या, ससे बिळं करायचे, आणि माणसं चेंडू बडवत फिरायची. मैदानावर वाळूचे जे खड्डे असतात, ज्यांना बंकर म्हणतात, तेही मूळचे कुणी आखलेले नव्हते. वाऱ्यापासून आडोसा म्हणून मेंढ्या उंचवट्याला टेकून बसत, तिथली हिरवळ जाई, वाळू उघडी पडे, असं सांगतात.

बाकी गोल्फ मैदानं माणूस बांधतो. हे मैदान सापडलेलं आहे. सेंट अँड्र्यूजच्या ‘ओल्ड कोर्स’वर एकेकाळी खेळ २२ होलांचा होता. १७६४ मध्ये काही छोटे होल एकत्र केले आणि १८ उरले. आज जगभर १८ होल खेळतात ते त्या एका गावच्या डागडुजीमुळे. आणखी एक गोष्ट फार कमी लोकांना माहीत असते, ही जमीन कुठल्याही क्लबाची नाही, गावची आहे. रविवारी ओल्ड कोर्सवर एरवी खेळ बंद. त्या दिवशी गावकरी तिथे कुत्री फिरवतात, पोरं बागडतात. ओपनसारख्या मोठ्या स्पर्धांचा तेवढा अपवाद.

लिंक्सवर खेळायची रीतच निराळी. अमेरिकेत मैदान ओलं, मऊ. चेंडू उंच मारायचा, तो पडतो तिथेच थांबतो. लिंक्सवर जमीन टणक आणि वारा सुसाट. चेंडू वर गेला की वाऱ्याच्या मालकीचा झाला. म्हणून शहाणा खेळाडू तो जमिनीलगत मारतो, पन्नास पावलं अलीकडे टाकून घरंगळत जाऊ देतो. बरा फटका उंचवट्याला लागून खड्ड्यात जातो, वाईट फटका उसळी खाऊन भोकापाशी थांबतो. त्यात १५६ जणांना एकाच दिवशी खेळवायचं म्हणजे पहिला गट पहाटे आणि शेवटचा दुपारी चारला निघतो. सकाळी समुद्र शांत, दुपारी वादळ, असं अनेकदा होतं, आणि तुम्ही कुठल्या चिठ्ठीत आलात त्यावर तुमचं नशीब. अनेक अमेरिकन खेळाडूंना हे अन्यायाचं वाटतं. मला विचाराल तर या खेळाचं सगळं सौंदर्य इथेच आहे. वातानुकूलित न्यायाला काय चव?

एका बंकरवरून अंदाज येईल. ओल्ड कोर्सच्या १७ व्या होलला ‘रोड होल’ म्हणतात, आणि तिथल्या ग्रीनला, म्हणजे भोकाभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीला, चिकटून एक खोल, भिंतीसारख्या काठाचा खड्डा आहे. १९७८ मध्ये जपानचा टॉमी नाकाजिमा आघाडीच्या जवळ होता. चेंडू ग्रीनवर आणलाही होता. पटरनं, म्हणजे ग्रीनवर वापरायच्या काठीनं, हलकेच ढकललेला चेंडू उतारावरून वळला आणि त्या खड्ड्यात पडला. बाहेर काढता काढता नाकीनऊ आले, त्या होलवर नऊ फटके लागले. त्या खड्ड्याला लोक गमतीनं ‘नाकाजिमाची वाळू’ म्हणू लागले. उलट टायगर वुड्स २००० मध्ये याच मैदानावर चार दिवस, ७२ होल खेळला आणि एकदाही, एकदाही बंकरमध्ये गेला नाही. तिथे ११२ बंकर आहेत.

क्लबहाउसचं दार

स्पर्धा साऱ्या जगाला खुली झाली, पण क्लबाची इमारत खुली झाली नव्हती. मैदानावर राजा असलेला व्यावसायिक खेळाडू कपडे बदलायला कुठे जाणार? मागच्या शेडमध्ये, नाहीतर दुकानात. क्लबहाउस सभासदांचं, म्हणजे साहेबांचं. क्रिकेटमध्येही इंग्लंडमध्ये ‘जंटलमन’ एका दारानं आणि ‘प्लेयर’ दुसऱ्या दारानं मैदानात उतरत. त्यातलाच हा प्रकार. गमतीचा भाग असा की ज्यांच्यासाठी स्पर्धा सुरू झाली त्यांनाच दाराबाहेर ठेवलं होतं.

१९२० मध्ये इंग्लंडमधल्या डील इथे अमेरिकेचा वॉल्टर हेगन आला. छानछोकीचा, बोलघेवडा माणूस. त्याला दार दाखवल्यावर त्यानं वाद घातला नाही. एक ऐटबाज मोटार भाड्यानं घेतली, ती क्लबहाउसच्या समोर उभी केली आणि आठवडाभर तिच्यातच कपडे बदलले. खेळात मात्र तो अगदी तळाला राहिला. दोन वर्षांनी तो जिंकून गेला, अमेरिकेत जन्मलेला पहिला विजेता म्हणून. १९२३ मध्ये स्कॉटलंडच्या ट्रूनला तो दुसऱ्या क्रमांकावर राहिला, आणि बक्षीस समारंभासाठी त्याला आत बोलावलं तेव्हा म्हणाला, आठवडाभर आत येऊ दिलं नाहीत, आता कशाला? आणि जमलेल्या लोकांना घेऊन जवळच्या पबमध्ये गेला. एवढी ऐट जिंकणाऱ्यालाच परवडते हे खरं, पण दार किलकिलं झालं ते अशा माणसांमुळे.

इथे एका भारतीय वंशाच्या माणसाचं नाव घ्यायलाच हवं. पापवा सेवगोलुम. दक्षिण आफ्रिकेतल्या डर्बनचा, कॅडी म्हणून वाढलेला. तो काठी उलट्या हातानं धरायचा, म्हणजे जो हात खाली हवा तो वर. शिकवायला कुणी नव्हतंच. त्यानं १९५९ मध्ये डच ओपन जिंकली आणि १९६३ मध्ये ब्रिटनच्या ओपनमध्ये १३ व्या स्थानापर्यंत मजल मारली. त्याच १९६३ साली डर्बनला तो नाताळ प्रांताची ओपन जिंकला, तेव्हा वर्णभेदाच्या कायद्यामुळे गोऱ्यांच्या क्लबहाउसमध्ये जाता येईना. आत पार्टी चाललेली आणि विजेता बाहेर पावसात भिजत चषक स्वीकारतोय. ‘ओपन’ हा शब्द किती पोकळ असू शकतो याचं याहून बोलकं चित्र माझ्या माहितीत नाही.

बायकांच्या बाबतीत तर दार आत्ता आत्ता उघडलं. सेंट अँड्र्यूजच्या रॉयल अँड एन्शंट क्लबानं स्त्रियांना सभासद करून घेतलं ते २०१४ मध्ये. भारताचं यान मंगळाच्या कक्षेत पोहोचलं त्याच वर्षी, एवढंच म्हणतो. स्कॉटलंडच्याच म्यूरफील्ड क्लबानं २०१६ मध्ये मतदान करून स्त्रियांना नकार कायम ठेवला. आयोजकांनी लगेच जाहीर केलं की मग ओपन तुमच्याकडे येणार नाही. पुढच्या वर्षी पुन्हा मतदान झालं आणि सभासदांचं मन वळलं. तत्त्वापेक्षा यजमानपद मोठं ठरलं, असं कुणी म्हटलं तर मी वाद घालणार नाही.

आगगाडीतून दिसलेलं माळरान

मधल्या काळात ओपन जवळजवळ विस्मरणात गेली होती हे आज खरं वाटत नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर १९४६ मध्ये सॅम स्नीड अमेरिकेहून आला. आगगाडीच्या खिडकीतून त्याला ओल्ड कोर्स दिसला तेव्हा कुठलंसं ओसाड, सोडून दिलेलं मैदान आहे असं वाटून तो काहीबाही बोलला, आणि शेजारचा प्रवासी चिडला. स्नीड जिंकला. बक्षीस १५० पौंड. येण्या-जाण्याचा खर्चच त्याहून जास्त. पुढच्या वर्षी विजेतेपद राखायला तो आलाच नाही. अमेरिकन येईनात तेव्हा इतरांचे दिवस आले. ऑस्ट्रेलियाचा पीटर थॉमसन पाचदा जिंकला. हाच थॉमसन पुढे १९६४ मध्ये पहिली इंडियन ओपन जिंकला.

ओपनला पुन्हा उभारी दिली अर्नोल्ड पामरनं. १९६० मध्ये, बरोबर शंभराव्या वर्षी, तो अमेरिकेतल्या दोन मोठ्या स्पर्धा जिंकून सेंट अँड्र्यूजला आला. जिंकला नाही, एका फटक्यानं हुकलं. पण पुढची दोन्ही वर्षं जिंकली, आणि त्याच्यामागून बाकीचे आले, टेलिव्हिजन आलं, पैसा आला.

कुणीही या, पण...

आजही ओपनमध्ये शिरायचा एक दरवाजा सामान्य माणसासाठी आहे. पात्रता फेरी. व्यावसायिक असाल किंवा पुरेसे चांगले हौशी असाल तर अर्ज भरा, फी भरा, खेळा. १९७६ मध्ये या दरवाजातून मॉरिस फ्लिटक्रॉफ्ट आला. बॅरो गावच्या गोदीत क्रेन चालवणारा, चाळिशी उलटलेला माणूस. हौशी खेळाडूला आपण किती चांगले हे दाखवणारा कागद जोडावा लागे, तो याच्याकडे नव्हता. म्हणून त्यानं अर्जावर ‘व्यावसायिक’ वर खूण केली. पूर्ण १८ होल तो त्याआधी कधी धड खेळलेला नव्हता. पात्रता फेरीत त्याला १२१ फटके लागले, पारपेक्षा ४९ जास्त. ओपनच्या इतिहासातली ही सर्वांत वाईट फेरी. आयोजक संतापले, नियम आवळले. फ्लिटक्रॉफ्टनं पुढची अनेक वर्षं खोटी नावं घेऊन पुन्हा पुन्हा घुसायचा प्रयत्न केला. मला हा माणूस मनापासून आवडतो. साऱ्या जगाला खुली आहे असं तुम्हीच म्हणाला होतात ना?

आणि याच दरवाजातून १९९९ चा विजेता आला, तोही फार विचित्र दिवशी. स्कॉटलंडमधलं कार्नूस्टी, शेवटचा होल. फ्रान्सचा ज्याँ व्हॅन द व्हेल्ड तीन फटक्यांनी पुढे. पार चारची, म्हणजे सहा फटके लागले तरी चषक त्याचा. शहाण्या माणसानं छोटे-छोटे फटके मारले असते. यानं सगळ्यात मोठी काठी उचलली. पहिला फटका भलतीकडे गेला पण वाचला. दुसरा प्रेक्षकांच्या स्टँडच्या कठड्याला लागून मागे उडाला, उंच गवतात. तिसरा तिथून वाहणाऱ्या बॅरी बर्न नावाच्या ओढ्यात. मग जगानं पाहिलं की ओपनचा होऊ घातलेला विजेता बूट-मोजे काढून, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून ओढ्यात उतरलाय आणि पाण्यातून चेंडू मारता येईल का याचा विचार करतोय. शेवटी तो विचार सोडला, एका फटक्याचा दंड घेतला, पुढचा बंकरमध्ये मारला, आणि सातव्या फटक्यात कसाबसा चेंडू भोकात घातला. बरोबरी. ज्यादा होलांच्या झुंजीत पॉल लॉरी जिंकला. हा जवळच्याच ॲबरडीनचा, पात्रता फेरी खेळून आलेला, सकाळी आघाडीपासून दहा फटके मागे. त्यानं शेवटच्या दिवशी अप्रतिम गोल्फ खेळला होता, पण आठवतो तो ओढ्यातला फ्रेंच माणूस. लॉरीवर हा थोडा अन्यायच आहे.

भारताचं या दाराशी नातं तसं जुनं. ब्रिटनबाहेरचा सर्वांत जुना गोल्फ क्लब कलकत्त्याचा, १८२९ चा, आणि मुंबईतही १८४२ मध्ये क्लब निघाला होता. म्हणजे प्रेस्टविकमध्ये क्लब स्थापन होण्याच्या नऊ वर्षं आधी मुंबईत लोक चेंडू बडवत होते. लोक म्हणजे अर्थात गोरे. काठ्या वाहणारे आपले. भारताच्या गौरव घईला ओपनमध्ये पाऊल ठेवायला १९९७ उजाडलं. २०२३ मध्ये इंग्लंडमधल्या हॉयलेकला शुभंकर शर्मानं आठवं स्थान वाटून घेतलं, कुठल्याही भारतीयाची ओपनमधली ती सर्वांत चांगली कामगिरी.

रविवारची संध्याकाळ

पाहायचं असेल तर जुलैच्या मध्यावर. तिकडे सकाळी साडेसहाला पहिला गट निघतो तेव्हा आपल्याकडे अकरा वाजलेले असतात. पहिल्या टीवर, म्हणजे पहिला फटका मारायच्या जागी, प्रत्येक खेळाडूचं नाव आणि देश पुकारला जातो, बस, विशेषणं नाहीत. १९७५ पासून २०१५ पर्यंत हे काम आयव्हर रॉबसन नावाच्या गृहस्थांनी केलं. पहाटेपासून दुपारी चारपर्यंत ते जागेवरून हलत नसत. खाणं नाही, पाणी नाही, आणि अर्थातच मुतारीलाही जाणं नाही. चार दिवस लागोपाठ निर्जळी एकादशीच म्हणायची.

रविवारी शेवटचा गट १८ व्या होलच्या ग्रीनकडे निघाला की दोरी सोडतात आणि हजारो प्रेक्षक खेळाडूंच्या मागून मैदानात लोटतात. तिकडे एका कोपऱ्यात नाव कोरणारा कारागीर सुरई समोर ठेवून बसलेला असतो. निकाल लागताच त्याच्या हातात फक्त काही मिनिटं. समारंभात विजेत्याला ‘चँपियन’ एवढंच म्हणत नाहीत, ‘या वर्षीचा चँपियन गोल्फर’ म्हणतात. वर्षभराचा किताब, त्याहून जास्त नाही. सुरई तो घरी नेतो आणि तिचं काय करायचं ते त्याचं तो ठरवतो. बहुतेक जण पेय भरतात. २००७ मध्ये आयर्लंडचा पॉड्रिग हॅरिंग्टन जिंकला तेव्हा त्याच्या छोट्या मुलानं विचारलं होतं, हिच्यात आता ठिपक्यांचे लाल किडे ठेवायचे का?

पुढच्या जुलैत सुरई परत करावी लागते. खरं तर जी घरी नेतात ती मूळ सुरई नसतेच. १९२७ मध्ये अमेरिकेचा बॉबी जोन्स जिंकल्यानंतर आयोजकांनी मूळ चांदीची सुरई सेंट अँड्र्यूजच्या क्लबहाउसमध्येच ठेवायचं ठरवलं आणि तेव्हापासून विजेत्याला प्रतिकृती मिळते. यंग टॉमनं घरी नेलेला तो लाल पट्टाही ओल्ड टॉम गेल्यावर, १९०८ मध्ये, मॉरिस कुटुंबीयांनी क्लबाला देऊन टाकला. आता दोन्ही वस्तू तिथेच आहेत, काचेमागे.